आमचा बावीस, त्यांचा बावीस

माझ्या दादाने चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. दोन सख्ख्या भावांचं कुंपणावरून वाजलं की दादाला बोलावणं यायचं. तो खुंट रोवायचा, फीत ताणायचा आणि आकडा सांगायचा. आकडा सांगितला की भांडण मिटतं, असं तो अजून म्हणतो. खरं तर ते तिथून उठून कोर्टात जायचं. पण दादाच्या लेखी मिटलेलं असायचं. अशा माणसाला साठीच्या आत सरळ रेषेत चालता येईनासं व्हावं, याबद्दल मी देवाला काही विचारत नाही. त्याच्या मनात काही असेल. पण दादा बाहेरच्या खोलीत येताना आधी भिंतीकडे जातो, मग टेबलाकडे, मग पुन्हा भिंतीकडे, आणि शेवटी खुर्ची गाठून "आलो" म्हणतो, तेव्हा वाटतं की त्याने मोजलेल्या एखाद्या जमिनीचा मालक वर पोचला असावा आणि त्याने तक्रार केली असावी.

दुखणं आमच्या वडिलांकडून आलेलं. मेंदूच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणाऱ्या पेशी असतात, त्या एकेक करून जातात. रक्त तपासलं की एक आकडा येतो. दादाचा आकडा बावीस. अठराच्या आत असता तर तो आजही फीत घेऊन हिंडत असता. मी तपासून घेतलेलं नाही. मी त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटी. रोज सकाळी आंघोळ झाली की फरशीच्या एका सांध्यावरून देवापर्यंत चालत जाते आणि पोचले की नमस्कार करते. माझं तेवढ्यावर भागतं.

ही हकीकत मात्र बारकीची. बारकी म्हणजे दादाची मुलगी. घरात सगळ्यांत उंच तीच, पण लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलं. पाण्याच्या तपासणी केंद्रात नोकरी करते. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही तिघं. गेल्या वर्षी बारकीने जेवता जेवता सांगितलं की तिला लग्न करायचंय आणि मुलगा चष्मेवाला आहे.

"दुकान स्वतःचं?" दादाने विचारलं.

"स्वतःचं."

"घरी कोण?"

"आई. तुम्ही ओळखता त्यांना. हालचाल मंडळाच्या अध्यक्ष."

दादाने हातातला घास खाली ठेवला. ठेवायचा होता ताटात, पडला पाण्यात.

इथे मंडळांचं सांगायला हवं. आमच्या वाचनालयाच्या मागच्या बाजूला एक मोठी खोली आहे. पहिल्या शनिवारी तिथे आमचं तोल मंडळ भरतं, तिसऱ्या शनिवारी त्यांचं हालचाल मंडळ. त्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्या माणसांचे हातपाय आपोआप उडत राहतात, चेहरा वेडावाकडा होतो, पुढे पुढे स्वभाव आणि बुद्धीही बदलते. तेही रक्तातूनच येतं, तेही आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडून, आणि तिथेही शेवटी एक आकडाच हातात पडतो. दोन्ही मंडळांत रिवाज एकच की नोंदवहीत नावापुढे आकडा लिहायचा. हळूहळू नावं मागे पडतात. आमच्याकडे एक तेवीसवाल्या काकू आहेत. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या नातवाकडून कळलं.

इतकं सारखं असल्यावर दोन्ही मंडळांचं मेतकूट जमायला हवं होतं. तसं काही झालं नाही. आमची माणसं म्हणायची, "निदान आमचं डोकं तरी ठिकाणावर असतं." त्यांची म्हणायची, "निदान आमचे लोक स्वतःच्या पायांवर येतात." खोलीत एकच कपाट, त्यात आमचे दोन कानांचे पेले वरच्या फळीवर आणि त्यांचे झाकणाचे पेले खालच्या. मधे पट्टी चिकटवलेली. ग्रंथपाल शांत माणूस, वाद घालत नाही. तो एवढंच म्हणायचा, "दोघंही चहा सारखाच सांडता. फरशी मीच पुसतो, मला माहितीय."

बारकी दादाला न्यायला यायची आणि चष्मेवाला खोलीची किल्ली घ्यायला. एकदा ग्रंथपालाने दोघांना एकच वेळ दिली. चूक म्हणा, काही म्हणा.

"त्या घरात नाही," दादा म्हणाला.

"का पण?"

"बाप कशाने गेला माहितीय ना? मुलाला निम्मी शक्यता. उद्या तो चहाचा कप तुझ्या तोंडावर फेकेल आणि तुला ओळखणारही नाही."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे माणूस पडतो. पडला तरी माणूसच राहतो." मग मोजणी खात्यातल्या सुरात, "आधी त्याने आकडा आणावा. मग बोलू."

आता हे सांगताना मला अवघड वाटतं, पण खरं ते खरं. चष्मेवाल्याने ती तपासणी नऊ वर्षं टाळली होती. वडिलांना गेलेलं पाहिलेला मुलगा तो. तेहेतिसावं चालू होतं. हातातून स्क्रू निसटला तरी तो दुकानाच्या आत जाऊन बसायचा म्हणे. ज्याला निकालाचं ते पाकीट उघडायचंच नव्हतं, त्याच्यावर दादाने ते उघडायची अट घातली. बारकी दोन दिवस बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्याचा निरोप आला, "करतो."

त्यात तीन महिने गेले. आधी समुपदेशकाकडे दोनदा बसवतात, विचारतात की नक्की कळून घ्यायचंय का, कळल्यावर काय कराल, सोबत कोण आहे. मग रक्त घेतात. मग पुन्हा बोलावतात. त्या तीन महिन्यांत मी माझ्या रोजच्या पोथीच्या वाचनात एक अध्याय वाढवला, त्या मुलासाठी. दादाला सांगितलं नाही.

निकालाच्या दिवशी झालेली चूक माझी. मी रोज सकाळी नऊपर्यंत बोलत नाही. वीस वर्षांचा नेम आहे. बारकी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली होती. साडेआठला तिचा फोन आला. मी उचलला, ती ओळखून होती की मी उत्तर देणार नाही. म्हणाली, "आत्या, बावीस आलाय. म्हणजे उत्तम. त्याला काहीही होणार नाही. तो नुसता रडतोय. दादांना सांग." आणि ठेवून दिला.

दादा समोरच होता. भुवया उंचावून विचारत होता. मी पाटी घेतली. माझ्या मौनात घरचा कारभार पाटीवर चालतो. उत्तम, काही होणार नाही, रडतोय, हे सगळं लिहिण्याऐवजी मी त्याला कळेल अशा भाषेत लिहिलं: २२.

दादाने पाटीकडे बघितलं. चष्मा काढला. तो पुसायला गेला तर हात नाकावर गेला. मग भिंतीला धरून उठला आणि गॅलरीत जाऊन बसला.

नऊ वाजता मी गेले. "दादा, बारकी म्हणाली उत्तम आहे."

"ती म्हणणारच."

"काहीही होणार नाही म्हणाली."

"मलाही तो पहिला डॉक्टर हेच म्हणाला होता. सौम्य आहे, बावीस म्हणजे काही फार नाही." त्याने रस्त्याकडे बघत मान हलवली. "पोरगा चांगला आहे ग. वाईट झालं."

त्या दिवसापासून दादाला चष्मेवाला आवडायला लागला. इतके महिने ज्याचं नाव काढू देत नव्हता, त्याला रविवारी चहाला बोलावलं. पोराला वाटलं, पास झालो. तो इस्त्रीचा सदरा घालून आला. दादाने त्याला शेजारी बसवलं आणि तासभर शिकवलं. खुर्चीतून उठताना आधी पाय मागे घ्यायचे. वळताना मान आधी वळवायची नाही. चहा अर्धाच ओतून घ्यायचा. जिना उतरताना कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, मोठ्याने हसायचंही नाही. पोरगा मन लावून ऐकत होता. मला वाटतं त्याला हे सासऱ्याची सेवा कशी करायची याचं शिक्षण वाटलं. जाताना दादाने त्याला आपली जुनी काठी दिली, वळलेल्या मुठीची.

"असू दे," म्हणाला. "लागेल."

दारात तो मला हळूच म्हणाला, "आत्या, दादा मला मुलासारखं वागवतात."

"तसंच वागवतो," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

बारकीचा मात्र जीव जात होता. "मग तारीख का काढत नाहीत?"

"बावीस आहे म्हणून," दादा म्हणाला.

"अहो, बावीसच आहे म्हणून तर! त्यांच्याकडे छत्तीसपासून वर धोका असतो. सव्वीसपर्यंत सगळं साफ. आपलं माप वेगळं, त्यांचं वेगळं."

दादाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने तो फीत सैल धरणाऱ्या माणसाकडे बघायचा. "बारके, मीटर मीटर असतो. माळावर शंभर सेंटीमीटरचा आणि मळ्यात साठाचा, असं नसतं."

बाईंनाही हे कळेना. हालचाल मंडळाच्या अध्यक्षांना सगळे बाई म्हणतात. त्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या तरी खोलीत शिरल्या की लोक सरळ बसतात. मुलाची तपासणी झाली, आकडा आला, अट पुरी झाली, तर आता मुलीकडचे गप्प का, हे विचारायला त्या स्वतः आल्या.

"मुलाचं तुमच्यासमोर आहे," बसता बसता म्हणाल्या. "आता तारीख बोला."

"बाई, तुमचं दुःख मला कळतं," दादा म्हणाला.

"कसलं दुःख?"

"मीही त्यातूनच जातोय. मीही बावीसच."

बाईंनी दादाला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. "तुम्ही बावीस?"

"हो."

"कागद आहे?"

दादाने मला खूण केली. मी फडताळातून कागद काढून दिला. बाईंनी तो दोनदा वाचला, खालचा शिक्काही वाचला, आणि घडी घालून परत दिला.

"मग तुम्हाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

दादाने कागद स्वतः पुन्हा उघडून बघितला.

"उठा बघू," बाई म्हणाल्या. आवाज असा की दादा खरंच उठला. उठला आणि सवयीने भिंतीकडे गेला.

"भिंत सोडा."

"बाई, तो पडेल," मी म्हटलं.

"आमच्या ह्यांचा चव्वेचाळीस होता," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मी केलं. शेवटी घास गिळवायला अर्धा तास लागायचा. बावीस म्हणजे काय ते मला सांगू नका. मी मुलांना शिकवलंय. गणिताच्या तासालाच ज्यांच्या पोटात दुखतं, ते मला ओळखू येतात."

"म्हणजे मी सोंग करतो?" दादाने विचारलं. राग आला की त्याच्या जिभेवर शब्द जड होतात.

"मी तसं म्हणत नाही. कागद म्हणतो."

त्या गेल्यावर दादा बराच वेळ भिंतीला धरून उभाच होता. मग म्हणाला, "मुलगा बुडतोय आणि आई मला पोहायला शिकवतेय."

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. आमच्या मंडळात बातमी पसरली की बाई स्वतःच्या आजारी मुलाला निरोगी म्हणून खपवताहेत. त्यांच्या मंडळात पसरली की मोजणीवाले दादा पहिल्या रांगेच्या खुर्चीसाठी नाटक करतात. कपाटातली पट्टी नवी झाली. बारकी आणि चष्मेवाला दोन्हीकडे समजावून थकले. ज्यांना आयुष्यभर एकाच आकड्याने झोपू दिलं नाही, त्यांना त्याच आकड्याचा दुसऱ्याच्या घरी वेगळा अर्थ असतो हे पटवणं कठीण होतं. तो त्यांना अपमान वाटायचा.

शेवटी बारकीने ग्रंथपालाला धरलं आणि ग्रंथपालाने प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांना. या डॉक्टर पन्नाशीतल्या, मेलेल्या माणसांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे त्यांचं काम. त्यांनाही या असल्या आजारांच्या लोकांशी एकत्र बोलायचंच होतं. त्यांनी दोन्ही मंडळांना एकाच शनिवारी बोलावलं. कोणाचाच नसलेला, दुसरा शनिवार.

आमचे लोक डावीकडे बसले, त्यांचे उजवीकडे. डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं लावली. दोन्हींत फिकट निळ्या पेशी आणि प्रत्येक पेशीत एक तपकिरी ठिपका, वाटाण्यासारखा गोल.

"यातलं तुमचं कोणतं?" त्यांनी विचारलं.

दादाने लगेच डावं दाखवलं. "नीटनेटकं आहे. कडा स्वच्छ."

"डावं आमचं," बाई म्हणाल्या. "उजव्यात ठिपके कमी दिसतात. ज्यांना फारसं काही झालेलं नसतं, त्यांचं असेल ते."

मग दोन्हीकडून आवाज चढले. तेवीसवाल्या काकू म्हणाल्या की त्यांनी अशीच पेशी स्वप्नात पाहिली आहे. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलू दिलं, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "ही दोन्ही चित्रं तुमच्यापैकी कोणाचीच नाहीत. तिसऱ्याच आजाराची आहेत. त्या कुटुंबांचं मंडळ अजून निघालेलं नाही. आणि खरं सांगते, खाली चिठ्ठी नसेल तर मीसुद्धा नुसत्या या गोळ्यावरून आजार ओळखू शकत नाही."



डॉक्टरांची नजर माझ्या हातातल्या माळेवर गेली. "तुम्ही जप करता ना, ताई? तसंच समजा. प्रत्येकाच्या शरीरात प्रथिनं बनवायचा मजकूर असतो. त्यात एका ठिकाणी तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती सगळ्यांतच असतात, असायलाच हवीत. पण काही घरांत ती थांबायच्या जागी थांबत नाहीत."

तोवर माझी समजूत होती की कुठलीही चांगली गोष्ट जास्त वेळा म्हटल्याने बिघडत नाही. मी माळ पदराखाली घेतली.

"अक्षरं वाढली की प्रथिनाची शेपटी लांबते," त्या सांगत राहिल्या. "मग त्याची घडी नीट बसत नाही. नीट न बसलेलं प्रथिन दुसऱ्याला चिकटतं, त्याला तिसरं. पेशीत झाडलोट करणारे असतात, ते उचलायला जातात आणि तेही त्यात अडकतात. बाकीचा कचरा साठत जातो. पेशीच्या लांब धाग्यांतून सामान पोचत नाही. ऊर्जेची भट्टी थंडावते. कुठली जनुकं वाचायची, कुठली मिटायची याचा घोळ होतो. गोळा हा आजार आहे की पेशीने स्वतःला वाचवायला कचरा एका कोपऱ्यात लोटलाय, यावर आम्ही अजून भांडतो. आमचीही दोन मंडळं आहेत. पण असे निदान नऊ आजार आहेत आणि नऊंमध्ये साधारण हेच चालतं. म्हणून औषध शोधायचं तर सगळ्यांसाठी एकच शोधता येईल का, हे आम्ही बघतोय. अजून हातात नाही, हेही सांगते."

"मग आम्ही पडतो आणि ते हलतात, हे का?" दादाने विचारलं.

"कारण प्रथिनं वेगळी आहेत आणि मेंदूतल्या वेगळ्या जागा आधी खचतात. नेमक्या त्याच का, ते पुरतं कुणालाच माहीत नाही."

"आणि आकडा?"

"प्रत्येक प्रथिनाची सहनशक्ती वेगळी. तुमचं बिचारं विसाला खचतं. त्यांचं पस्तीसपर्यंत खपवून घेतं. तुमच्यातला बावीस म्हणजे आजार. त्यांच्यातला बावीस म्हणजे काही नाही."

दादाने मान खाली घातली. पुटपुटला, "जमिनीप्रमाणे फीत." चौतीस वर्षांच्या नोकरीवर पाणी पडल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. मग तो उठला. मी हात द्यायला गेले तर नको म्हणाला. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत, अर्ध्या खोलीला वळसा घालून, बाईंसमोर जाऊन पोचला.

"बाई, मुलगा तुमचा बरा आहे. माझी चूक झाली. तारीख तुम्ही म्हणाल ती."

बाईसुद्धा उभ्या राहिल्या. "मीही बोलले ते बोलायला नको होतं. तुम्हाला खरंच आहे." असं म्हणून त्या थांबल्या. शिकवणारं माणूस, उदाहरण सुटलं की पुढचं दिसतं. "पण मग मुलीचा आकडा किती?"

इतके महिने आमच्या घरात आकडा हा शब्द रोज होता, आणि हा प्रश्न कुणाच्या तोंडून निघाला नव्हता. दादाच्या तर नाहीच. 

"तपासलेलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे निम्मी शक्यता."

"हो."

"आमच्या मुलाला निम्मी होती तेव्हा तुम्ही अट घातलीत."

"घातली." दादाचे शब्द जडावले. "घालायला नको होती."

"का नको? नऊ वर्षांनी माझा मुलगा दुपारी जेवून झोपतो. तुमच्या त्या अटीमुळे. तुम्ही वाईट मनाने केलंत, पण झालं चांगलं. तेच मी तुमच्या मुलीचं करते म्हटलं तर वाईट काय?"

बारकी आमच्या रांगेतून बोलली, बसूनच. "मी नाही करणार, बाई. माझ्या दादांना साठीच्या जवळ सुरू झालं. मला झालं तर तेव्हा होईल. तोवरची तीस वर्षं मला त्या पाकिटात घालायची नाहीत."

"मी विचारत नाहीये, आई," चष्मेवाला म्हणाला.

"तू सुटलास," बाई म्हणाल्या. "सुटलेल्याला उदार होता येतं. मी एकोणीस वर्षं केलंय, मला काय करावं लागतं ते माहीत आहे. तुला नुसतं दिसलंय."

त्यात खोटं काही नव्हतं. ग्रंथपालाने चहाचा ट्रे आणला होता, तो तसाच दारात धरून उभा राहिला.

चष्मेवाला आईजवळ गेला. "बाबांना आकडा विचारून लग्न केलंस?"

"तेव्हा आकडा नसायचा."

"असता तर?"

बाईंनी पदर सारखा केला. समोरच्या खुर्चीवर कुणाची तरी शाल पडली होती, ती उचलून घडी घातली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"असता तर विचारला असता," त्या म्हणाल्या. "आणि नाही म्हटलं असतं. आणि मग तू नसतास." मग, "ते गाणं फार छान म्हणायचे, हे तुला कधी ऐकायला मिळालं नाही. मला दहा वर्षं मिळालं."

मग त्या आमच्या बाजूला आल्या. चौथ्या रांगेपर्यंत. हालचाल मंडळाचं कुणी तिथवर येण्याची ती पहिली वेळ. बारकी उभी राहिली. बाई तिच्या खांद्याला लागत होत्या.

"माझ्या घरी येणार असशील तर एक आताच सांगते," बाई म्हणाल्या. "पडलीस तर लगेच उचलायला येणार नाही. आधी तू स्वतः उठून बघायचं. ह्यांना मी धावत जाऊन उचलायची, त्यातच माझंही चुकलं आणि त्यांचंही."

"बरं," बारकी म्हणाली. "आणि मी नाहीच पडले तर?"

बाईंनी विचार केला. "तर मला उचल. मी सत्तरीला आलेय."